कावीळ उतरली, पण रक्ताचे काय?

आपल्या मराठवाड्यात कावीळ 'बरी होते' असे फारसे कोणी म्हणत नाही. कावीळ 'उतरते' असे म्हणतात. कोणी काविळीची माळ घालतो आणि ती रोज लांबत जाते तसा रोग खाली उतरतो असे मानतो. कोणी नाकात पाल्याच्या रसाचे थेंब घालून घेतो. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुतो आणि पिवळे झालेले पाणी पाहून समाधान पावतो. पंधरा-वीस दिवसांत डोळे पांढरे होतात, तोंडाला चव येते, माणूस कामाला लागतो. मला आज बोलायचे आहे ते या उतरण्याविषयी. जे उतरते ते नेमके काय असते? आणि काही वेळा जे उतरत नाही, रक्तातच मुक्काम करते, ते काय असते?

आधी हे लक्षात घेऊ की कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. आपल्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी रोज मोडीत निघतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते पित्तावाटे बाहेर टाकण्याचे काम यकृत करते. यकृत म्हणजे मटणाच्या दुकानात ज्याला आपण कलेजी म्हणतो तो अवयव. उजव्या बरगड्यांखाली त्याची जागा. त्याला सूज आली की हे काम तुंबते, पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि डोळ्यांत व लघवीत दिसू लागते. सूज ओसरली की पिवळेपणा जातो. म्हणजे डोळे आपल्याला यकृताची सूज सांगतात. ती सूज कोणी आणली आणि आणणारा गेला की नाही, हे डोळे सांगत नाहीत.

दारूने, काही औषधांनी, पित्ताच्या खड्यांनीही कावीळ होते. पण आपल्याकडे मोठे कारण म्हणजे हेपेटायटिसचे विषाणू. त्यांची नावे साधी आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. यांतले ए आणि ई पोटातून येतात, दूषित पाण्यातून आणि अन्नातून. बी, सी आणि डी रक्तातून येतात. डी हा एकटा जगू शकत नाही, त्याला बीचा आधार लागतो. म्हणून आपण मुख्यतः बी आणि सीचाच विचार करू.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नर्सी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. पंढरीची आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे परतवारीला येतात आणि गाव माणसांनी फुलून जाते. दिवस पावसाळ्याचे असतात. नदी-विहिरींचे पाणी गढूळलेले असते, फुटक्या पाइपातून सांडपाणी आत शिरण्याचा धोका असतो. अशा दिवसांत कोणत्याही यात्रेच्या गावी आरोग्य खात्याला धास्ती असते ती ए आणि ई या काविळींची. म्हणून पाण्यात क्लोरीन टाका, पाणी उकळून प्या, असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण जत्रा म्हटली की आणखीही काही असते. गोंदणाऱ्याची सुई असते, रस्त्याकडेला दाढी करणाऱ्याचा वस्तरा असतो. चालून चालून अंग मोडून आले म्हणून कुणा डॉक्टरकडे जाऊन 'एक सुई मारा' असे म्हणणारेही असतात. पाण्याच्या वाटेकडे आपले लक्ष असते, या दुसऱ्या वाटेकडे नसते.

दोन वाटांनी येणाऱ्या या पाहुण्यांचा स्वभावही वेगळा आहे. ए आणि ई येतात, गोंधळ घालतात आणि निघून जातात. काही आठवड्यांत शरीर त्यांना हुसकावते. गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेतू शकते, तिला तातडीने दवाखान्यात न्यावे. फार दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांत, उदाहरणार्थ मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांत, ई क्वचित रेंगाळतो. एरवी हे दोघे आपोआप जातात. म्हणूनच माळेला आणि थेंबांना इतके यश मिळते. जी कावीळ आपण होऊन जाणारच असते तिचे श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळते.

बी आणि सी मात्र राहायलाच येतात. त्यातही बीचे एक वैशिष्ट्य आहे. मोठ्या माणसाला तो झाला तर शंभरातले सुमारे ९५ जण त्याच्यावर मात करतात. पण जन्मताना आईकडून बाळाला झाला तर शंभरातल्या सुमारे ९० बाळांत तो आयुष्यभर ठाण मांडतो. गंमत अशी, की त्या बाळाला बहुधा कावीळ होतच नाही. त्याचे शरीर विषाणूला परका मानतच नाही, त्यामुळे झगडा नाही, सूज नाही, पिवळेपणा नाही. सीची गोष्ट आणखी गुपचूप. तो झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच कळत नाही आणि निम्म्याहून जास्त जणांत तो कायमचा राहतो. थोडक्यात, कावीळ होऊन गेली म्हणजे विषाणू गेला असे नाही आणि कावीळ कधी झालीच नाही म्हणजे विषाणू नाही असेही नाही.

मी बरीच वर्षे रक्तपेढीत काम केले. एका शिबिरात नर्सीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या तरुण शेतकऱ्याने रक्त दिले. तपासणीत बी निघाला. त्याला निरोप पाठवून बोलावून घेतले. तो बसायलाच तयार नव्हता. म्हणाला, "साहेब, तुमची मशीन चुकली. मला कावीळ झाली व्हती ती शाळेत असताना. मायनं तवाच उतरवून आणली." मी म्हटले, "ती कावीळ पाण्यातली होती की रक्तातली, हे आज मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. तेव्हा रक्त कोणी तपासलेच नव्हते. आज तपासले आहे." मग त्याने हळूच सांगितले, की बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. घरच्या सगळ्यांना बोलावले. बायकोचे रक्त स्वच्छ निघाले, तिला लस सुरू केली. पण त्याची आई आणि थोरला भाऊ यांच्या रक्तात बी होता. त्या माउलीला जन्मात कावीळ झाली नव्हती. बहुधा तिच्याकडून दोन्ही मुलांना बाळंतपणातच हा वारसा मिळाला असावा. भावाच्या यकृतावर वण पडायला लागले होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता मुख्य प्रश्न. शरीराचे इतके पहारेकरी असताना हे विषाणू वर्षानुवर्षे राहतात कसे?

बीचे पाहू. यकृताच्या पेशीवर पित्तातले क्षार आत घेणारा एक दरवाजा असतो. त्याच दरवाजाने बी आत शिरतो, हे २०१२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आत गेल्यावर तो पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि आपला जनुकीय मजकूर एका बंद कड्याच्या रूपात तिथे ठेवून देतो. शेतकरी मंडळींना हरळी ठाऊक आहे. वरचे गवत कितीही कापा, जमिनीत गाठ राहिली की पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते. हे कडे म्हणजे बीची हरळीची गाठ. आजची औषधे वरचे गवत उत्तम कापतात. गाठ खणून काढणारे औषध अजून हाती नाही.

या गाठीतून रोज नवे विषाणू तयार होतात आणि रक्तात सोडले जातात. रक्तात आलेला बीचा एकेक कण फार टिकत नाही, साधारण एका दिवसात निम्मे कण नाहीसे होतात. तरी रक्तातली संख्या कमी होत नाही, कारण यकृत रोज नवे पुरवत असते. सीचे कण तर तीनेक तासांतच निम्मे होतात आणि एका अंदाजानुसार यकृत रोज सुमारे एक लाख कोटी नवे कण तयार करते. मोट चालू असेपर्यंत पाटाचे पाणी आटत नाही, तसेच हे. रक्तात विषाणू टिकतो याचा पहिला अर्थ हा: तो टिकत नाही, तो सतत भरला जातो.

पण रक्तात आल्यावर पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटायचे कसे? इथे दोघांच्या दोन युक्त्या आहेत. बी आपल्या खऱ्या कणांबरोबर पोकळ कणही सोडतो. वर कवच, आत काहीच नाही. खळ्यावर उफणताना दाण्यापेक्षा भूस जास्त उडते, तसे एका खऱ्या कणामागे हजारो, कधी लाखभर पोकळ कण असतात. आपली प्रतिद्रव्ये या भुसावर तुटून पडतात आणि दाणा निसटतो. सीची युक्ती बहुरूप्याची आहे. नक्कल करताना तो इतक्या चुका करतो, की प्रत्येक पिढीत त्याचा चेहरा थोडा बदलतो. पहारेकरी कालचा चेहरा ओळखायला शिकतात तोवर आज दुसराच समोर असतो. शिवाय तो रक्तातल्या चरबीच्या कणांना चिकटून, त्यांचीच घोंगडी पांघरून फिरतो. म्हणूनच सीवर आजवर लस निघालेली नाही.

बीच्या भुसाचा मात्र माणसाने छान उपयोग करून घेतला. अमेरिकी शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. तेच बीचे कवच होते. रक्तपेढीत आज होणारी बीची तपासणी याच कवचाची. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हेपेटायटिस दिन म्हणून पाळला जातो. रक्तातले हे पोकळ कण वेगळे काढून १९८१ मध्ये अमेरिकेत पहिली लस आली. पुढे तेच कवच यीस्टमध्ये तयार होऊ लागले. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी लस बाजारात आणली आणि सामान्यांना परवडेल अशी लस मिळण्याची वाट खुली झाली.

आता यकृताबाहेरचा मुक्काम. विषाणू फक्त यकृतातच असता, तर रोगी यकृत काढून नवे बसवले की प्रश्न मिटायला हवा होता. तसे झाले नाही. प्रतिबंधक उपाय नव्हते त्या काळात, बीच्या रुग्णाला नवे निरोगी यकृत बसवल्यावर शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांच्या नव्या यकृतातही बी पोचत असे. रक्तात सी असताना रोपण झाले तर जवळपास प्रत्येकाच्या नव्या यकृताला तो गाठत असे. रक्तात फिरणारे कण तर होतेच. पण पांढऱ्या पेशी, प्लीहा, अस्थिमज्जा, लसिकाग्रंथी यांतही या विषाणूंचा जनुकीय मजकूर सापडला आहे. तिथे ते नुसते आसऱ्याला असतात की वाढतातही, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. यकृतातल्यासारखी जोमदार वाढ तिथे होत नाही, एवढे नक्की. आज प्रभावी औषधे आणि तयार प्रतिद्रव्ये देऊन नवे यकृत वाचवता येते.

या मुक्कामाचे परिणाम यकृतापुरते राहत नाहीत. विषाणूचे कण आणि प्रतिद्रव्ये यांच्या गाठोड्या रक्तातून वाहत जाऊन बारीक नळ्यांत अडकतात. मग सांधे दुखतात, पायांवर जांभळे पुरळ उठते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. सीमध्ये काहींच्या रक्तातली प्रथिने थंडीत गोठतात आणि रक्तवाहिन्यांना इजा करतात. काही जणांत पांढऱ्या पेशींना सतत डिवचले गेल्याने लसिकाग्रंथींचा कर्करोगही होतो. असा रुग्ण त्वचेच्या, मूत्रपिंडाच्या, हाडांच्या डॉक्टरकडे फिरत राहतो आणि मूळ कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत असते.

ज्यांनी बीवर मात केली त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्या यकृतात हरळीची गाठ उरलेली असू शकते. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर ती दबून राहते. कर्करोगाची केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी काही औषधे सुरू झाली, की ती एकदम फुटते आणि जीवघेणी कावीळ होऊ शकते. म्हणून असे उपचार घेण्यापूर्वी बीची तपासणी करून घ्यावी. पूर्वी बी झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही हे विषाणू लवकर मरत नाहीत. वाळलेल्या डागात बी निदान सात दिवस जिवंत राहतो. वापरलेल्या सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात सी काही आठवडे टिकू शकतो. बीबाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला शंभरात तीसपर्यंत धोका असतो, सीमध्ये तीनच्या आसपास, तर एचआयव्हीमध्ये हजारात तीन. एड्सला आपण घाबरलो आणि सुया बदलायला शिकलो, हे चांगलेच झाले. पण बी त्याहून कितीतरी चिवट आहे. २००९ च्या सुरुवातीला गुजरातेतल्या मोडासा भागात बीची मोठी साथ आली आणि बरेच बळी गेले. तपासात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज समोर आल्या.

रक्तपेढीची तपासणी तरी पूर्ण भरवशाची आहे का? भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी, सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. सीची तपासणी त्यात २००१ पासून आली. रक्त विकणाऱ्या धंदेवाईक रक्तदात्यांवर १९९८ पासून बंदी आहे. यामुळे रक्त खूप सुरक्षित झाले. तरी लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. नेहमीच्या तपासणीत बीसाठी हा काळ साधारण पाच-सहा आठवड्यांचा, सीसाठी दोन महिन्यांच्या आसपास. 'नॅट' ही विषाणूचा जनुकीय मजकूरच शोधणारी तपासणी हा काळ बराच कमी करते, पण ती सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही. म्हणून रक्तदानाआधीच्या अर्जातल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. अलीकडे गोंदवून घेतले असेल, कावीळ झाली असेल तर तसे सांगावे. न सांगितलेली गोष्ट ज्याला रक्त चढते त्याला भोगावी लागते.

नर्सीचे नामदेव पुढे पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही तिथे भरले होते. त्याच पंजाबात सी फार पसरला. असुरक्षित इंजेक्शने आणि नशेच्या सामायिक सुया ही त्याची मोठी कारणे. तिथल्या सरकारने जून २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून सीचे उपचार मोफत सुरू केले. बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात, हे तिथे जिल्ह्याच्या पातळीवर सिद्ध झाले. पुढे २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि बी-सीची तपासणी व औषधे देशभर सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली. सी बरा होतो, कारण त्याला हरळीसारखी गाठ नसते. मोट बंद पडली की पाट आटतो. एक सूचना मात्र: सी बरा झाला तरी प्रतिद्रव्याची तपासणी आयुष्यभर 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. विषाणू गेला की नाही, हे आरएनए तपासणीच सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांत बी आणि ५५ लाख लोकांत सी होता. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. तेव्हा करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. घरातल्या प्रत्येकाची आयुष्यात एकदा तरी बी आणि सीची तपासणी करून घ्या. पूर्वी कावीळ झाली असेल, रक्त चढवले असेल, घरात कोणाला यकृताचा आजार असेल, तर नक्कीच. प्रत्येक गरोदर बाईची बीची तपासणी व्हावी. बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळाला का, हे घरच्यांनी विचारावे. आई बाधित असेल तर बाळाला लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागते. गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट धरू नये आणि घ्यावी लागलीच तर सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगावी. सलूनमध्ये नवे ब्लेड मागावे, त्यात लाज कसली?

तपासणीत बी निघाला तर घाबरू नका. प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही. पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी औषध सुरू केले तर ते मनाने थांबवू नका. दारू मात्र सोडाच. अशा माणसाला पंगतीतून उठवू नका, त्याचे ताट वेगळे करू नका. एका ताटात जेवल्याने, गळाभेट घेतल्याने, एका दिंडीत चालल्याने बी किंवा सी होत नाही. त्याचे ब्लेड आणि ब्रश वेगळे ठेवा, जोडीदाराला लस द्या, एवढे पुरे आहे.

त्या शेतकऱ्याच्या बायकोचे बाळंतपण सुखरूप झाले आणि बाळाला पहिल्याच दिवशी लस मिळाली. त्या घरात हा वारसा दोन पिढ्या चालला होता. तिसऱ्या पिढीपर्यंत तो जाऊ नये म्हणून एवढेच करावे लागले: एका बाटलीभर रक्ताची तपासणी आणि तिचा निकाल ऐकून घ्यायची तयारी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)